शोभेचे मोल

माणसाने शोभेसाठी किती किंमत मोजावी, हा प्रश्न जुनाच आहे. आपल्या संतांनी देहाच्या नटण्यामुरडण्यावर कोरडे ओढले खरे. परंतु विठ्ठलाच्या गळ्यातील तुळशीहारापाशी येताच त्यांचीही वाणी रेंगाळते. तेव्हा शोभा म्हणजे पाप, असा सोपा निकाल देऊन मोकळे होता येत नाही. मला हा प्रश्न पडला तो मात्र देवळात नव्हे. भिलाईच्या हुडको वसाहतीतील आमच्या घरी, २००७ च्या हिवाळ्यात, एका काळ्याठिक्कर पडलेल्या संगणकासमोर.

त्या संगणकावर लिनक्स होते. लिनस टोरव्हाल्ड्सने १९९१ मध्ये ज्याचा गाभा लिहावयास घेतला आणि ज्याची ओळ न् ओळ कोणालाही उघडून वाचता येते, ती ही प्रणाली. आम्ही वापरत होतो ती उबुंटू नावाची तिची आवृत्ती ऑक्टोबर २००७ मध्ये नव्याने निघाली, आणि तिच्यात ‘कॉम्पिझ’ हा शोभेचा कार्यक्रम आधीच घालून दिलेला होता. त्याची करामत अशी की, पडद्यावरील खिडकी सरकवू लागलो की ती दोरीवरच्या ओल्या लुगड्यासारखी लवते; आणि सगळा पडदाच एका घनाच्या बाजूंवर चिकटवल्यासारखा गरकन फिरतो. उपयोग म्हणाल तर शून्य. पण पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू उमटल्यावाचून राहत नसे.

ह्या गमतीमागे एक गंभीर रचना आहे. पूर्वी प्रत्येक कार्यक्रम आपली खिडकी थेट पडद्यावर रंगवीत असे. कॉम्पिझसारखा कार्यक्रम प्रत्येक खिडकीचे चित्र आधी स्मृतीत वेगळे रंगवून घेतो आणि मग एखाद्या कापडाच्या तुकड्याप्रमाणे ते हवे तसे ताणून, वाकवून पडद्यावर मांडतो. हे काम झपाट्याने व्हावयाचे तर ग्राफिक्स कार्डाचे सामर्थ्य हाताशी हवे. आणि कार्डाशी बोलणारा दुभाषी, म्हणजे ड्रायव्हर, त्या योग्यतेचा हवा. आमच्या कार्डासाठी जो खुला ड्रायव्हर होता त्याला त्रिमितीचे काम येत नसे. ज्याला येत असे, तो कार्ड बनविणाऱ्या कंपनीचा होता आणि बंदिस्त होता. चालवा, आत पाहू नका.

मला हे तेव्हा ठाऊक नव्हते. मी कळ दाबली, आणि डेस्कटॉप इफेक्ट्स चालू करता आले नाहीत, एवढेच उत्तर आले. मग मी अनोळखी लोकांनी सुचविलेल्या सातआठ आज्ञा एकामागून एक उतरवून घेतल्या, ‘एक्सऑर्ग.कॉन्फ’ नावाच्या फाईलीत कोणी सांगितले म्हणून काही ओळी घातल्या, काही काढल्या, आणि संगणक पुन्हा सुरू केला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे, बाकी काही नाही.

बाबा शेजारी येऊन उभे राहिले. पोलाद कारखान्यात त्यांचे आयुष्य यंत्रांच्या देखभालीत गेले होते. संगणकातले त्यांना काही कळत नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, “काय काय बदललंस?”

मला सांगता येईना. लाज वाटली ती यंत्र बिघडल्याची नव्हे. बिघाड माझ्या हातून होऊनही तो मी केला असे म्हणता येत नव्हते, ह्याची. मी केवळ आज्ञा पाळल्या होत्या. सकाळी कंपनीच्या ड्रायव्हरची गोष्ट त्यांना समजावून सांगितली, तेव्हा दुसरा प्रश्न आला. “त्याचं ड्रॉइंग आहे का?” कंपनी देत नाही, असे मी म्हटले. “मग बिघडल्यावर उघडणार काय?”

पुढे कितीतरी दिवस मला वाटत राहिले की हे दोन प्रश्न वस्तुतः एकच आहेत. न वाचलेली आज्ञा आणि न दाखवलेला ड्रायव्हर ह्या दोहोंत, जे पाहिले नाही त्याला आपण घरात घेतो. फरक एवढाच की, पहिल्यात पाहण्याची सोय असून आपण आळस करतो आणि दुसऱ्यात सोयच ठेवलेली नसते. कोणी म्हणेल, डॉक्टरांचे औषध आपण कोठे तपासून घेतो? विश्वासावाचून संसार चालत नाही. हे मला मान्य आहे. परंतु डॉक्टरांना विचारता येते, दुसऱ्या डॉक्टरांकडे जाता येते. जेथे विचारण्याची वाटच बुजवलेली असते, तेथे विश्वास हा शब्द मला जरा जास्तच उदार वाटतो.

ह्या बाबतीत लिनक्सच्या गाभ्याचे वागणे मला फार आवडते. बंदिस्त भाग त्यात जोडला की तो नकार देत नाही. मुकाट्याने काम करतो. मात्र आपल्या ठायी एक खूण करून ठेवतो की, मी आता ‘टेन्टेड’ आहे, मला डाग लागला आहे. पुढे काही मोडले आणि तक्रार घेऊन गेलो की जाणकार प्रथम ही खूण पाहतात. जे उघडता येत नाही त्याचा दोष आम्ही कसा शोधावा, म्हणतात. बंदी नाही, उपदेशही नाही, केवळ नोंद.

एवढे पटल्यावर मी ती शोभा सोडून द्यावयास हवी होती. सोडलीही असती, पण कॉम्पिझमध्ये आणखी एक करामत होती. एक कळ दाबून चाक फिरवले की पडदा हवा तेवढा मोठा होतो. बाबांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू पिकत होता आणि वर्तमानपत्र त्यांनी जवळजवळ सोडले होते. जिला मी निरुपयोगी शोभा म्हणत होतो, तिच्याच पोटात ही सोय होती, आणि दोघींचे दार एकच होते. तत्त्व मोठे की बाबांचा पेपर, ह्याचा निर्णय करावयास मला फार वेळ लागला नाही. तो निर्णय निर्दोष होता, असे मात्र मी आजही म्हणणार नाही.

ह्या खेपेस बाबांनी कारखान्याच्या शिस्तीने काम करविले. बिघडलेली फाईल नव्याने तयार करून घेतली. जुन्या वहीची पाने आखली: तारीख, काय बदलले, काय झाले. एका वेळी एकच बदल. आधी कार्ड कोणते ते पाहिले, मग ड्रायव्हर बसविला, मग ‘जीएलएक्सइन्फो’ला विचारून थेट रेखाटन चालू असल्याची खात्री केली, आणि शेवटी कॉम्पिझ. प्रत्येक आज्ञा काय करते ते बाबांना मराठीत सांगितल्याखेरीज ती टंकावयाची नाही, असा दंडक होता. दोन आज्ञा अशा निघाल्या की त्या मला सांगता येईनात, म्हणून त्या गाळल्या. त्यांवाचून काही अडले नाही.

घन फिरला. बाबा हसले, आणि लगेच म्हणाले, “आता तो पेपर मोठा कर.”

आज हा खटाटोप बहुतेकांना करावा लागत नाही. खुले ड्रायव्हर पुष्कळ सुधारले. एनव्हिडियासारख्या कंपनीनेही मे २०२२ मध्ये आपल्या ड्रायव्हरचा गाभ्यात बसणारा भाग खुला केला. खिडक्या न विचारताच लवतात, आणि कोणी काही पाहत नाही. आमची ती वही अजून कपाटात आहे. काही आठवड्यांनी लिनक्सचा गाभा अद्ययावत झाला, कंपनीचा ड्रायव्हर नव्या गाभ्याशी जुळेना आणि पडदा पुन्हा काळा झाला, त्या दिवसाचीही नोंद तिच्यात माझ्या अक्षरात आहे. तिच्याखाली बाबांनी पेन्सिलीने, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत, दोनच शब्द लिहिले आहेत: ड्रॉइंग नाही.