कॉल येईल त्या अंतरावर

दात्याच्या शरीरातून काढलेलं हृदय साधारण चार तासांत दुसऱ्याच्या छातीत सुरू व्हावं लागतं. फुप्फुसांना थोडी जास्त सवड मिळते, पण फार नाही. यकृत बर्फात आणखी काही तास तग धरतं, मूत्रपिंड जवळपास दिवसभर. घर, नोकरी, मुलांची शाळा, म्हातारे सासू-सासरे मागं ठेवून एखादं कुटुंब परराज्यात बिऱ्हाड का हलवतं, याचं कारण या तासांच्या हिशेबात आहे. फोन आल्यावर रुग्णानं तासा-दीड तासात रुग्णालयात पोचायचं असतं. सोलापुरात बसून चेन्नईच्या यादीवर राहता येत नाही.

माझ्या मोठ्या बहिणीला आयएलडी झाला. या आजारात फुप्फुसं घट्ट होत जातात. आधी जिना चढवेना, मग वेणी घालायला हात वर केला तरी सॅच्युरेशन खाली येऊ लागलं. शेवटी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची नळी चोवीस तास नाकाला लागली. पुण्यातल्या डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा विषय काढला आणि त्याच बैठकीत चेन्नईचं नाव घेतलं. भाऊजी एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतात. पगार आणि विमा जाईल म्हणून त्यांना नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं. मी महाविद्यालयात शिकवते, बिनपगारी रजा मिळू शकत होती. म्हणून ताईसोबत मी गेले.

चेन्नईच का, हा प्रश्न आमच्याकडे कुणी फारसा विचारत नाही. तिथली रुग्णालयं मोठी आहेत एवढं उत्तर पुरेसं वाटतं. मला ते पुरेसं वाटत नाही. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४चा. तो सुरुवातीलाच, फेब्रुवारी १९९५मध्ये, ज्या राज्यांत लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. त्याच्याही आधी, १९६८मध्ये, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी मुंबईच्या केईएममध्ये हृदय प्रत्यारोपणाचा प्रयत्न केला होता. रुग्ण वाचला नाही, पण जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी तो एक होता. आणि मुंबईत हृदय प्रत्यारोपण यशस्वी व्हायला २०१५चा ऑगस्ट उजाडावा लागला. ते हृदय पुण्याहून आणलं होतं.

तमिळनाडूची वाट वेगळी होती. तिथे मूत्रपिंडांचा बाजार बदनाम झालेला. त्सुनामीत सगळं गमावलेल्या, एर्णावूरच्या वस्तीतल्या मच्छीमार कुटुंबांनी मूत्रपिंडं विकल्याचं २००७मध्ये उघडकीला आलं. त्यानंतर २००८मध्ये सरकारनं एकामागून एक आदेश काढून मृत दात्यांकडून मिळणाऱ्या अवयवांच्या वाटपाची शिस्त लावली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हितेंद्रन या १५ वर्षांच्या मुलाला अपघात झाला. त्याचे आई-वडील दोघेही डॉक्टर. त्यांनी त्याचे अवयव दिले, त्याचं हृदय शहर ओलांडून एका लहान मुलीपर्यंत पोचलं, आणि त्या घरच्या निर्णयानं सबंध राज्याचं मन वळवलं. सप्टेंबर २०२३पासून तिथे अवयवदात्याचे अंत्यसंस्कार शासकीय इतमामात होतात. माझ्या बहिणीला चेन्नईत आशा होती ती या सगळ्या मागच्या कामामुळे. चांगली यंत्रं आणि निष्णात सर्जन पैसे मोजून कुठेही उभे करता येतात. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या, नुकत्याच कोसळलेल्या बापाशी बोलू शकणारी को-ऑर्डिनेटर आणि तिला 'हो' म्हणणारा बाप, हे घडायला वर्षं जातात.

फेब्रुवारी २०२३मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं नोंदणीसाठीची अधिवासाची अट काढून टाकायला राज्यांना सांगितलं. ६५ वर्षांची वयोमर्यादा गेली, नोंदणीचं शुल्क घेऊ नये असंही ठरलं. हा निर्णय मला मनापासून योग्य वाटतो. आजारी माणसाकडे आधी रहिवासाचा दाखला मागणं निर्दयपणाचं होतं. पण दाखल्याची अट गेली तरी राहण्याची अट गेली नाही, ती कुठल्याच सरकारला रद्द करता येणार नाही. यादीत नाव घालायला पैसे पडत नाहीत. नावाशेजारच्या फोन नंबरवाल्या माणसाला मात्र त्या शहरात कित्येक महिने खायचं, प्यायचं आणि श्वास घ्यायचा असतो.

श्वास घ्यायचा म्हणजे काय काय, ते सांगते. कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो. म्हणून घर बघताना आम्ही खोल्या नंतर बघायचो, आधी इन्व्हर्टर आणि जनरेटरची चौकशी करायचो. लिफ्ट हवी, नाहीतर तळमजला. पण चेन्नईत नोव्हेंबर-डिसेंबर हे मोठ्या पावसाचे महिने, आणि बड्या रुग्णालयांच्या आसपासचा दक्षिणेकडचा बराच भाग जुन्या पाणथळीवर वसलेला. तळमजला घ्यायचा तर पाणी कुठपर्यंत चढतं, हे शेजाऱ्यांना विचारून घ्यायचं. डिपॉझिटला तिथे अॅडव्हान्स म्हणतात, तो पूर्वापार दहा-दहा महिन्यांच्या भाड्याएवढा घेतला जायचा, आता काही जण कमी घेतात. आम्ही किती महिने राहू, या घरमालकांच्या पहिल्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तरच नसायचं. एकानं ऑक्सिजनची नळी बघून व्यवहार मोडला. त्याला वाटलं, हा पसरणारा रोग आहे. दुसऱ्यानं स्पष्ट सांगितलं की घरात मृत्यू झाला तर पुढं भाडेकरू मिळत नाही. मला राग आला नाही असं नाही. पण तो माणूस खोटं बोलत नव्हता. अखेर एका निवृत्त शिक्षिकेनं वरचा मजला दिला आणि आपल्या इन्व्हर्टरची एक वायर आमच्या खोलीत ओढून दिली.

मग वीस लिटरच्या पाण्याचे कॅन आले, छोटा सिलिंडर आला, हिंदी चालत नाही म्हटल्यावर मोडकी तमिळ आली. श्वासाला मूच्चु, पाण्याला तण्णी. यादीवर असलेल्या रुग्णाला नुसतं पडून राहता येत नाही. तो शस्त्रक्रियेची गरज भासण्याइतका आजारी आणि शस्त्रक्रिया सोसण्याइतका सक्षम, दोन्ही एकाच वेळी असावा लागतो. म्हणून वजन टिकवायचं, सहा मिनिटांची चाल मोजायची, फिजिओथेरपीला रोज जायचं. ताई नळीसकट गच्चीवर फेऱ्या मारायची. दिवाळीत, नरक चतुर्दशीच्या पहाटे, शिक्षिकाबाई तेलाची वाटी घेऊन वर आल्या. "गंगास्नानम् आच्चा?" हे तिथलं त्या दिवसाचं विचारणं. आमच्या अभ्यंगस्नानाची वेळही तीच.

रुग्णासोबतच्या माणसाला फाइलींमध्ये अटेंडंट म्हणतात. त्याच्याशिवाय बहुतेक ठिकाणी रुग्णाला यादीवर घेतच नाहीत, आणि ते बरोबरही आहे, कारण पुढची औषधं आणि पथ्यं एकट्याच्यानं होत नाहीत. म्हणजे एका प्रत्यारोपणासाठी दोन माणसांचं आयुष्य जागेवरून हलतं आणि हिशेबात धरला जातो फक्त एकाचा खर्च. फुप्फुसांच्या शस्त्रक्रियेचा खासगी रुग्णालयातला अंदाज वीस-पंचवीस लाखांच्या पुढे जातो, त्यासाठी निधी आहेत, विश्वस्त संस्था आहेत, अर्ज आहेत. भाडं, अॅडव्हान्स, बुडालेला पगार, महिन्याला दोनदा सोलापूर-चेन्नई करणारे भाऊजी, यांच्यासाठी आम्हाला एकही अर्ज सापडला नाही. आपली जन आरोग्य योजना महाराष्ट्राची, तिथली मुख्यमंत्री विमा योजना तिथल्या रहिवाशांची. मधल्या माणसाला दोन्हीकडे जागा नाही. आम्ही जमीन विकली. ज्यांच्याकडे विकायला जमीन नव्हती ते चेन्नईच्या प्रतीक्षाकक्षात मला दिसलेच नाहीत. नांदेडच्या किंवा गडचिरोलीच्या कुठल्याशा वॉर्डात 'आता घरी न्या' हे वाक्य ऐकून ते परत गेले असणार.

आता ज्या गोष्टीबद्दल प्रतीक्षेतली कुटुंबं आपसांतही बोलत नाहीत, त्याबद्दल. आपण ज्याची वाट बघतो ते दुसऱ्याच्या घरातलं मरण असतं. आपल्याच गावात असताना हा विचार धूसर राहतो. परक्या शहरात, त्याच माणसांच्या शेजारी राहताना, तो टाळता येत नाही. हेल्मेट न घालता दुचाकीवरून जाणारा पोरगा दिसला की माझ्या मनात जे यायचं ते मी कुणाला सांगितलं नाही. भाऊजींनी एकदा आपणहून सांगितलं की ते देवाकडे फक्त 'हिला वाचव' एवढंच मागतात, कसं ते मागत नाहीत. मला वाटतं, आम्हा सगळ्यांनाच तेवढीच प्रार्थना करता येत होती.

पहिला कॉल आला तो रात्री. ताईला आंघोळ घातली, उपाशी ठेवलं, रक्त घेतलं, थिएटरच्या दारापर्यंत नेलं. पहाटे सांगितलं की प्रत्यक्ष तपासल्यावर दात्याची फुप्फुसं चांगली निघाली नाहीत. याला ड्राय रन म्हणतात. व्हेंटिलेटरवरच्या माणसात फुप्फुसं लवकर बिघडतात, त्यामुळे हे वारंवार घडतं. परतताना रिक्षात ताई म्हणाली, "त्यांच्याकडे आज काय झालं असेल गं?" मेंदूमृत्यूची तपासणी दोनदा करावी लागते, मध्ये किमान सहा तास जावे लागतात. ती ज्या तासांत न्हाऊन तयार झाली, त्याच तासांत दुसरं एक घर होकार देऊन बसलं होतं. होकार देऊनही त्यांच्या माणसाची फुप्फुसं कुणाला मिळाली नव्हती.

आणखी एक गोष्ट मला तिथे टोचत राहिली. तमिळनाडू अवयव देताना आपल्या राज्यातल्या रुग्णांना आधी विचारत आलं आहे, हे न्याय्यच आहे. तरीही हृदय-फुप्फुसं बाहेरच्यांपर्यंत पोचतात, त्याचं एक मोठं कारण असं की तिथल्याही गरिबाला ही शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची जन्मभराची औषधं झेपत नाहीत, म्हणून तो यादीवरच नसतो. देणारं घर पुष्कळदा मजुराचं असतं. २०१८मध्ये परदेशी रुग्णांना मिळालेल्या हृदयांवरून तिथे वाद पेटला होता. तेव्हा तो मी पेपरात वाचून सोडून दिला. चेन्नईत राहिल्यावर कळलं की परदेशी शब्दाच्या जागी परप्रांतीय घातलं तर त्या प्रश्नासमोर आम्हीच उभे आहोत. यावर उपाय सीमा बंद करणं हा नाही. सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया व्हावी, औषधं फुकट मिळावीत आणि देणाऱ्या घरातला माणूसही घेणारा होऊ शकावा, हा आहे.

नंतर ज्या कॉलमध्ये ताईला फुप्फुसं मिळाली, त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. दात्याचं नाव घेणाऱ्याला सांगत नाहीत. तमिळ वर्तमानपत्रांत मात्र अशा बातम्या फोटोसकट येतात. भाऊजींनी त्या आठवड्यात पेपर विकत घेतला नाही. त्या घरानं आपलं दुःख आम्हाला शोधू द्यायचं ठरवलेलं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं.

त्यानंतरही मुक्काम सुटत नाही. औषधाची लेव्हल, ब्रॉन्कोस्कोपी, रिजेक्शनची भीती, मास्क. रुग्णालयापासून दूर जायची परवानगी मिळायला बरेच महिने जातात. आता ताई सोलापुरात आहे, तपासण्यांसाठी चेन्नईला जाते.

देशात २०२३मध्ये मृत दात्यांचा आकडा हजाराच्या थोडा वर गेला. एवढ्या लोकसंख्येत तो दहा लाखांमागे एकही पडत नाही. स्पेनमध्ये दहा लाखांमागे चाळीसहून अधिक. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली विभागीय समन्वय केंद्रं काम करतात, अवयव विमानानं, ग्रीन कॉरिडॉरनं जातात. तरी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर डोक्याला मार लागलेला माणूस ज्या व्हेंटिलेटरवर असतो, तिथे मेंदूमृत्यू जाहीर करण्याची प्रक्रिया सुरू होईलच याची खात्री मला आज देता येत नाही. कायद्यानं ती व्हायला हवी. ती झाली, तर आमच्यासारख्या किती घरांना बिऱ्हाड हलवावं लागणार नाही.

आणि जे हलवतात त्यांच्या राहण्याचं काय, हे शिकायला आपल्याला चेन्नईला जायची गरज नव्हती. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती वर्षानुवर्षं हेच काम करत आहेत. बिहार, झारखंड, बंगालमधून कर्करोगाच्या उपचारांसाठी टाटा रुग्णालयात आलेली कुटुंबं तरीही फूटपाथवर दिसतात. २०२१च्या मे महिन्यात म्हाडाच्या शंभर सदनिका टाटा रुग्णालयाला रुग्णांच्या नातेवाइकांसाठी दिल्या गेल्या. जूनमध्ये स्थानिक रहिवाशांच्या तक्रारीवरून त्याला स्थगिती आली आणि मग त्याऐवजी भोईवाड्यात, बॉम्बे डाइंगच्या जागेवरच्या इमारतीत जागा द्यायचं ठरलं. सरकारनं लवकर वाट काढली, हे चांगलं झालं. त्या रहिवाशांची भीती आमच्या चेन्नईच्या घरमालकांच्या भीतीपेक्षा फार वेगळी असेल असं मला वाटत नाही. तिला घाबरून चालणार नाही. परराज्यातल्या रुग्णाला खाट देणाऱ्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयाला त्याच्या माणसासाठी खोलीही बांधायला लावली पाहिजे, वीज जाणार नाही अशी, आणि तिचं भाडं उपचाराच्या अंदाजपत्रकात, निधीच्या अर्जावर, औषधांच्या ओळीखाली लिहिलं गेलं पाहिजे.