गैरहजर यंत्राच्या नावे हुकूम

एका यंत्रावर बसून दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी प्रोग्राम सिद्ध करणाऱ्यास जो मनस्ताप सोसावा लागतो, तो त्याच्याच अज्ञानाच्या खाती टाकण्याचा शिरस्ता पडून गेला आहे, आणि तो मला सर्वस्वी अन्यायाचा वाटतो. जीसीसी या कंपायलरचेच पाहा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली तो लोकांच्या हाती दिला; पुढे प्रोसेसरांची नवनवी कुळे अवतरली, प्रत्येकासाठी त्यात स्वतंत्र विभाग जोडला गेला आणि प्रत्येक विभागाने पर्यायांची तजवीज आपल्या मताने केली. म्हणून 'एम-सीपीयू' हा पर्याय एक्स-८६ कुळात केवळ 'एम-ट्यून'चे त्याज्य ठरलेले जुने नाव आहे, म्हणजे आदेशांची जुळणी कोणत्या प्रोसेसरला मानवेल एवढेच तो सांगतो; आर्म कुळात मात्र कोणते आदेश वापरण्याची मुभा आहे आणि त्यांची जुळणी कशी करावी, या दोन्ही बाबींवर त्याचा अंमल चालतो. एका कुळात शिकलेली गोष्ट दुसऱ्या कुळात दगा देते, यात शिकणाऱ्याचा काय अपराध?

याहून बिकट मामला पहिल्या रास्पबेरी पायचा. २०१२ साली आलेल्या या छोट्या संगणकाचा प्रोसेसर आर्मच्या सहाव्या आवृत्तीचा, तर डेबियनच्या 'आर्म-एचएफ' रचनेची किमान अट सातव्या आवृत्तीची. त्या रचनेच्या क्रॉस-कंपायलरने घडवलेला प्रोग्राम पायवर चढवला, की 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' एवढे दोन शब्द उमटवून तो थांबतो. 'एम-आर्च'ला सहावी आवृत्ती कळवावी, तर थम्ब पद्धतीविषयी एक दुर्बोध नकार पदरी पडतो; 'एम-आर्म' देऊन तो निवारावा, तरी पायवर निकाल तोच. कारण पर्यायाची सत्ता आपण लिहिलेल्या मजकुरापुरती असते. 'मेन'च्या आधी चालणारा आरंभीचा कोड आणि लायब्ररी सातव्या आवृत्तीसाठी केव्हाच तयार होऊन बसलेल्या असतात, आणि त्यांना हा हुकूम कधी पोचतच नाही.

अशा प्रसंगी पर्यायांची अदलाबदल करीत राहण्यापेक्षा कंपायलरची कैफियत घ्यावी, असे माझे निश्चित मत आहे. 'क्यू' या मोठ्या अक्षराच्या पर्यायासोबत 'हेल्प-टार्गेट' विचारले, की त्याने यंत्राविषयी काय काय गृहीत धरले आहे ते तो तपशीलवार सांगतो. ही सोय इतकी मोलाची असूनही नवख्याला ती कुणी आरंभीच दाखवीत नाही, याचा मला खेद होतो. त्यानंतर 'रीडएल्फ'ला मोठे 'ए' देऊन आपली ऑब्जेक्ट फाइल आणि लिंकरने जोडून दिलेला पूर्ण प्रोग्राम यांची स्वतंत्र झडती घ्यावी: पहिल्यात आर्किटेक्चरच्या ओळीपुढे 'व्ही-६' लिहिलेले असते, दुसऱ्यात 'व्ही-७'. दोष लायब्ररीच्या बाजूचा आहे हे तेथे उघड होते, आणि मग पर्यायांचा नाद सोडून सहाव्या आवृत्तीसाठीच बांधलेला संपूर्ण टूलचेन मिळवण्याच्या कामाला लागता येते.