संग्रह आणि परिग्रह

हौसेनं कला जमवणं हाही परिग्रहच का? नात्यातल्या एका सूनबाईंनी मला हे विचारलं. सुरतेजवळ कामरेजला तिनं यंत्रमागाची बंद पडलेली शेड घेतली आहे. उंच पत्र्याचं छप्पर, लोखंडी कैच्या, वर पोटमाळा. तिथं घर करायचं आणि जमवलेली चित्रं, जुनी पटोळी भिंतींवर लावायची.

श्रावकाला सगळं सोडा असं सांगितलेलं नाही, मर्यादा घाला असं सांगितलंय. पाचवं अणुव्रत तेच, परिग्रहपरिमाण. त्या यादीत शेत, घर, सोनं, धान्य यांच्याबरोबर कपडा आणि भांडीही आहेत. म्हणजे पटोळं काही सुटत नाही! पण तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी बोट ठेवलं ते वस्तूवर नव्हे, तर मनाच्या मूर्च्छेवर, आसक्तीवर.

ती ओळखायची कशी? शेडच्या छपरातून उजेड सांडतो, म्हणून घर देखणं दिसतं. पण तोच उजेड जुन्या कापडाचे रंग खातो. बारा महिने टांगून ठेवलं तर आपल्याच वजनानं कापडाचे धागे ताणतात. आता भिंत सजवायची की कापड वाचवायचं? पटोळं पेटीत ठेवून चार महिने भिंत रिकामी सोसवत असेल, तर ती जपणूक. सोसवत नसेल, तर मूर्च्छा.

अहमदाबादला गौतम आणि गिरा साराभाई या भावंडांनी १९४९ साली कॅलिको वस्त्रसंग्रहालय सुरू केलं. आधी ते गिरणीच्या आवारात होतं. संग्रह वाढला तसं १९८३ मध्ये ते शाहीबागेत, साराभाई कुटुंबाच्या वास्तूत आलं. तिथं दालनांत उजेड मुद्दाम मंद ठेवतात. कापडाला जे मानवतं ते आधी, बघणाऱ्याची सोय नंतर. आणि घराची दारं परक्यांसाठी उघडली, हे मला फार मोलाचं वाटतं. जे चार लोकांनी पाहिलं, शिकलं, त्यावरचा 'माझं' हा शिक्का आपोआप पुसट होतो.

बायांनो, आपल्या कपाटांनाही हेच लागू आहे. गवंडी बोलवण्याआधी वहीत आकडा लिहावा, इतकंच ठेवीन. नवं एक आलं की जुनं एक द्यावं, आणि देताना ते कोण नीट सांभाळेल तेवढं बघावं. आपलं नाव राहील की नाही, ते बघू नये.