कोणाच्या शेजारी कोण?

फ्लोरिडातल्या ऑर्लँडोजवळचं मॅजिक किंगडम हे पार्क 1 ऑक्टोबर 1971 रोजी सुरू झालं. आत शिरलं की समोर 189 फूट उंचीचा राजवाडा दिसतो. तो सिंड्रेलाचा, म्हणजे सावत्र आईने राबवून घेतलेल्या मुलीचा. त्याच पार्कात 'सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन' नावाची राइड आहे. तिच्या शेवटी स्नो व्हाइट बुटक्यांबरोबर नाचताना दिसते आणि झोपडीच्या दाराशी एक चेटकीण टपून उभी असते. तीही सावत्र आईच, फक्त वेष बदललेली. नवऱ्याच्या पहिल्या लग्नाच्या मुलांना घेऊन, निम्म्या तिकिटांचे पैसे स्वतः भरून इथे आलेल्या बाईला हे सगळं बघून काय वाटत असेल, याचा विचार पार्क बांधणाऱ्यांनी केला असेल असं वाटत नाही.

आणि अशा बायका तिथे थोड्या नसतात. प्यू रिसर्च सेंटरने 2011 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेतल्या 42 टक्के प्रौढांनी आपल्याला निदान एक तरी सावत्र नातेवाईक असल्याचं सांगितलं होतं. दोन मोडलेल्या संसारांतून जुळलेलं मोठं कुटुंब ही तिथली नित्याची गोष्ट आहे आणि अशा कुटुंबाने पहिली मोठी सहल डिस्नेची काढणं हेही नित्याचंच. त्यामागचा हिशेब साधा असतो. घरात मुलं एकमेकांशी धड बोलत नाहीत, तर चार दिवस मौजेच्या जागी एकत्र काढू म्हणजे मनं जुळतील. मला हा हिशेब मुळातच चुकीचा वाटतो. सहल जरूर काढावी, पण 'सगळ्यांनी सगळं मिळून करायचं' हा हेतू धरून ती आखली तर जोड घट्ट होण्याऐवजी उसवण्याचीच शक्यता अधिक.

पार्कची कल्पनाच एका ठरावीक आकाराच्या कुटुंबावर बेतलेली आहे. वॉल्ट डिस्ने स्वतः सांगत असे की लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मुली मेरी-गो-राउंडवर बसलेल्या असताना आपण बाकावर नुसते बसून असायचो. तेव्हा आईबाप आणि मुलं दोघांनाही एकत्र मजा करता येईल अशी जागा हवी, असं मनात आलं. (त्या दोन मुलींपैकी धाकटी दत्तक होती, हे सहसा कोणी सांगत नाही.) त्यातून 17 जुलै 1955 रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं. योगायोग असा की आपला हिंदू विवाह कायदा त्याच वर्षी, 18 मे रोजी लागू झाला आणि घटस्फोटाची वाट देशभरच्या हिंदूंना खुली झाली.

डिस्नेच्या मनातलं कुटुंब कसं होतं ते पाहायचं असेल तर 'कॅरूसेल ऑफ प्रोग्रेस' पाहावं. 1964 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी केलेला हा खेळ 1975 साली फ्लोरिडात आला. प्रेक्षागृह फिरत जातं आणि रंगमंचावर एकच यांत्रिक कुटुंब विसाव्या शतकाचे टप्पे ओलांडताना दिसतं. विजेची उपकरणं येतात, भांडी घासायचं यंत्र येतं, शेवटी बोलून चालवायचा ओव्हन येतो. आई, बाप, मुलगा, मुलगी, आजी-आजोबा मात्र तेच. सगळं बदललं, कुटुंब तेवढं जसंच्या तसं राहिलं. प्रत्यक्षात त्याच शतकात नेमकं उलटं घडलं. 1970 च्या पहिल्या दिवसापासून कॅलिफोर्नियात कोणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळू लागला आणि मागोमाग बाकीची राज्यंही त्या वाटेने गेली.

एक उदाहरण घेऊ. समजा न्यू जर्सीतल्या एका मराठी बाईने दुसरं लग्न केलं. तिची पहिल्या लग्नाची मुलगी बारा वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. नवऱ्याचे आधीचे दोन मुलगे, पंधरा आणि नऊ. दोघांचं मिळून एक दोन वर्षांचं बाळ. पुण्याहून तिचे आईवडील आलेले. एकूण नऊ माणसं. डिस्नेच्या साध्या खोलीत चार जण राहू शकतात. तीन वर्षांच्या आतलं मूल पाळण्यात झोपणार असेल तर ते मोजत नाहीत. म्हणजे दोन खोल्यांत सगळे बरोब्बर मावले. आजी-आजोबांबरोबर त्यांची दोन सख्खी नातवंडं, दुसरीकडे नवरा-बायको, त्याचे मुलगे आणि बाळ. बुकिंग करणाऱ्याला यात काहीच खटकत नाही, पैसेही वाचतात. पण बारा वर्षांची मुलगी रात्री अंथरुणावर पडून काय पाहते? आपली आई पलीकडच्या खोलीत दुसऱ्यांच्या मुलांपाशी झोपली आहे.

म्हणून अशा कुटुंबाने हॉटेलच्या नादी लागू नये असं माझं मत आहे. जवळच्या किसिमी भागात चार-पाच बेडरूमची अख्खी घरं भाड्याने मिळतात. पार्कपर्यंत गाडीने जावं लागतं, पण कोण कुठे झोपणार हा निर्णय हॉटेलच्या नियमाच्या हातात राहत नाही. शिवाय स्वयंपाकघर असतं. सकाळी सहाला उठणाऱ्या आजोबांना कोणाची झोप न मोडता चहा मिळतो आणि पंधरा वर्षांच्या मुलाला दार लावून एकटं बसता येतं. हे दुसरं जास्त महत्त्वाचं.

पार्कच्या आत तर बसण्याच्या जागेचा प्रश्न दर अर्ध्या तासाने उभा राहतो. माइन ट्रेनमध्ये एका रांगेत दोघंच बसतात. डंबोच्या उडत्या हत्तीतही दोघं, फार तर सोबत एखादं लहान मूल. स्पेस माउंटनमध्ये एकामागे एक अशा सुट्या जागा. त्यात उंचीची अट: माइन ट्रेनला 38 इंच, स्पेस माउंटनला 44. जोडीजोडीने बसायचं म्हटलं की विषम आकड्यात कोणीतरी उरतंच आणि उरलेलं मूल कोणाचं, हे सगळ्या मुलांच्या लगेच लक्षात येतं. मोठ्यांच्या येत नाही. ते बाळाची गाडी कुठे लावायची या विवंचनेत असतात.

आपल्याकडे ही गोष्ट फार पूर्वीच सांगून झाली आहे. ध्रुवाच्या कथेत भांडण राज्यावरून सुरू होत नाही, बसण्यावरून होतं. उत्तानपाद राजाच्या मांडीवर धाकटा उत्तम बसलेला असतो, पाच वर्षांचा ध्रुव तिथे चढू पाहतो आणि त्याची सावत्र आई सुरुची त्याला दटावते. आपण कीर्तनांत सगळा दोष सुरुचीच्या माथी मारतो. पण राजा त्या वेळी काय करत होता? तो गप्प बसला. माझ्या मते त्या गोष्टीतला खरा गुन्हेगार तोच. जोडलेल्या कुटुंबात सख्ख्या आईबापाने गप्प राहणं हे सावत्र माणसाच्या बोलण्यापेक्षा मुलाला जास्त लागतं. भर उन्हात तासाभराच्या रांगेत नऊ वर्षांच्या मुलाने दंगा केला, तर त्याला आवरायचं काम त्याच्या बापाचं. सावत्र आईने तिथे मध्ये पडू नये आणि बापाने ते तिच्यावर ढकलू नये.

जोडलेल्या कुटुंबांवर अनेक वर्षं काम केलेल्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया पेपरनाउ हेच वेगळ्या मार्गाने सांगतात. अशा घरात प्रत्येक क्षणी कोणीतरी आतलं असतं आणि कोणीतरी बाहेरचं. सगळे एकत्र जमले की ही दरी बुजत नाही, उलट ठळक होते. त्यांचा भर दोघादोघांनी वेगळा वेळ काढण्यावर आहे: सख्ख्या आईने आपल्या मुलीबरोबर, सावत्र बापाने त्या मुलीबरोबर स्वतंत्रपणे, नवरा-बायकोने एकमेकांबरोबर. पार्कची सहल या दृष्टीने आखायला घेतली की वेळापत्रकच बदलतं. सकाळी आई आणि तिची मुलगी दोघीच स्पेस माउंटनला. तेवढ्यात नऊ आणि पाच वर्षांचे दोघे आजोबांबरोबर पार्कभोवती फिरणाऱ्या आगगाडीत. दुपारी सावत्र बाप आणि पाच वर्षांचा मुलगा, त्या मुलाने निवडलेल्या एका राइडवर. 'रायडर स्विच' नावाची सोय यासाठी फार कामाची आहे: एक मोठा माणूस बाळाजवळ थांबतो, दुसरा राइड करून येतो, मग पहिल्याला पुन्हा लांब रांग लावावी लागत नाही. सगळ्यांनी एकत्र करायची गोष्ट दिवसातून एकच, तीही जिथे जोड्या पाडाव्या लागत नाहीत अशी. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'च्या होडीत एका रांगेत बरेच जण मावतात. जंगल क्रूझच्या होडीतही.

यावर कोणी विचारेल, वेगवेगळंच हिंडायचं तर एवढा खर्च करून जायचं कशाला? मला इथे कोकणातलं गणपतीचं घर आठवतं. तीस-चाळीस माणसं एका छपराखाली असतात, पण सगळे मिळून एकच काम करताहेत असं आरतीखेरीज क्वचितच घडतं. कोणी नारळ खवतंय, कोणी पत्ते कुटतंय, मुलं विहिरीकडे पळालेली. तरी कोणालाही आपण एकटे आहोत असं वाटत नाही. अर्थात जुन्या घरांचे फार गोडवे गाण्यातही अर्थ नाही. बाळंतपणात बायका मरत, बिजवर पुन्हा बोहल्यावर चढत, आणि त्या घरांतल्या पहिलीच्या मुलांना पंगतीत कुठे बसवलं जाई हे आपल्या आज्या-पणज्यांना चांगलं ठाऊक होतं. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं घरही जोडलेलंच होतं. मुलगा रघुनाथ पहिल्या पत्नी राधाबाईंचा. 1893 साली कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केलं, त्यानंतरची मुलं त्यांची. पुढे त्याच घरात सून म्हणून आलेल्या इरावतीबाईंनी भारतातल्या नातेसंबंधांवर 1953 साली मोठा ग्रंथ लिहिला. नाती कशी मांडली जातात हे त्या घराला पुस्तकाबाहेरही कळत असणार.

तारखांविषयी थोडं. अमेरिकेत घटस्फोटानंतर मुलांच्या सुट्ट्या कागदावर वाटून दिलेल्या असतात. वसंतातली सुट्टी सम वर्षी आईकडे, विषम वर्षी बापाकडे, अशी वाटणी सर्रास होते. फ्लोरिडात तर 2023 पासून मुलांचा वेळ दोघांत समान वाटणं त्यांच्या हिताचं आहे, असं गृहीत धरूनच न्यायालय सुरुवात करतं. तेव्हा नऊ जण एकत्र मिळण्याचे दिवस वर्षात मोजकेच आणि ते ठरवण्यात सहलीला न येणाऱ्या दोन माणसांचा वाटा असतो. त्यांना आधी विचारावं. रात्री मुलांनी त्यांना फोन करायची वेळ वेळापत्रकातच लिहून टाकावी, म्हणजे मुलाला ती चोरी वाटत नाही. सावत्र पालकाला कायद्याने आपोआप अधिकार मिळत नाही, म्हणून औषधोपचाराच्या संमतीचं पत्र जवळ ठेवावं. आपल्याकडेही 1956 च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यात 'आई' आणि 'बाप' यांत सावत्र आई-बाप येत नाहीत, असं स्पष्ट म्हटलेलं आहे.

आणखी एक खूळ म्हणजे सगळ्यांनी एकसारखे टी-शर्ट घालणं. तिथल्या मोठ्या कुटुंबांत पाठीवर आडनाव छापून घेण्याची हौस फार. या नऊ जणांत आडनावं निदान तीन. कोणतं छापणार? पंधरा वर्षांचा मुलगा शर्ट घालायला नकार देईल आणि माझ्या मते त्याचं बरोबर असेल. त्याने सहलीला यायचं कबूल केलं आहे, नवं आडनाव नव्हे. फोटोतही त्याला मधोमध उभं करण्याचा आग्रह नको.

शेवटी पुण्याहून जाणाऱ्या आजी-आजोबांना एक विनंती. तुमच्या बॅगेत सख्ख्या नातवंडांसाठी कपडे, खाऊ, चांदीचं काहीतरी असणार हे उघड आहे. मुलं पाच असतील तर वस्तू पाच न्या आणि सगळ्यांसमोर एकाच वेळी द्या. जावयाच्या मुलांना चकली आवडेल की नाही ही शंका रास्त आहे. तरीही न्या.