खांद्यावरचा हात

मार्च महिना जवळ आला की आपल्या प्रार्थनासभांतून दहावी-बारावीच्या मुलांची नावे ऐकू येऊ लागतात. मागणे बहुधा टक्क्यांसाठी असते. त्या मुलाला रात्री झोप लागते काय, हे क्वचितच कोणी विचारतो.

अशा वेळी कलकत्त्याच्या सेंट झेवियर्समधील एक जुना प्रसंग आठवतो. १८७५च्या सुमारास रवींद्रनाथ टागोर तेथे शिकत होते. आधीच्या शाळा त्यांना मानवल्या नव्हत्या, हीही मानवत नव्हती. फादर डी पेनेरांडा हे स्पॅनिश धर्मगुरू काही काळ तेथे बदली शिक्षक होते. त्यांचे इंग्रजी अडखळते असल्यामुळे मुले त्यांना फारशी जुमानीत नसत. एके दिवशी लेखनाच्या तासाला हा मुलगा हातात लेखणी धरून भलत्याच विचारांत हरवला होता. फेऱ्या घालणारे फादर त्याच्या मागे थांबले, वाकले, खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्याच्या प्रकृतीची हळुवार विचारपूस केली. एवढेच घडले. परंतु १९१२ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या ‘जीवनस्मृती’त, पन्नाशी गाठलेल्या कवीने त्या साध्या प्रश्नाची आठवण कृतज्ञतेने जपलेली दिसते.

आता हिशेब मांडून पाहा. रवींद्रनाथांनी पुढे ती शाळाही सोडली. म्हणजे फादरांची माया वाया गेली काय?

‘मुलांशी प्रेमाने बोला, म्हणजे ती अभ्यास करतील,’ असा उपदेश आपण हल्ली फार ऐकतो. त्यातील ‘म्हणजे’ हा शब्द मला खटकतो. हात खांद्यावर आणि डोळा गुणपत्रिकेवर, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला तत्काळ कळते. मग आपली विचारपूसही त्याला चाचणी परीक्षेसारखीच वाटू लागते.

गुणांना मोल नाही असे मी म्हणणार नाही. ज्या बापाला सातवीतच शाळा सोडून कामाला लागावे लागले, त्याची धास्ती खोटी कशी म्हणावी? पण ती त्याने आपली धास्ती म्हणूनच मुलापुढे मोकळेपणी मांडावी, मायेच्या पांघरुणाखाली दडवू नये.

आणि विचारपूस करायचीच, तर ‘बरे वाटत नाही’ हे उत्तर ऐकण्याची तयारी हवी. शिकवणी बंद करावी लागेल, कदाचित एखादे वर्षही जाईल. मूल जगणे नकोसे झाल्याचे बोलू लागले, तर मात्र उपदेश करीत न बसता त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. २०२२ पासून सुरू असलेल्या सरकारी ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे.