दुबळ्यांची यादी

पोकर हा कौशल्याचा खेळ आहे, हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा उच्चारू नकोस. तुझं कौशल्य कशात आहे, ते तूच मला रंगवून ऐकवलंस. रात्रपाळी नसली की डेराबस्सीच्या खोलीवर लॅपटॉप उघडायचा आणि पत्ते बघण्याआधी टेबलावर कोण बसलंय ते बघायचं. प्रत्येक नावाशेजारी नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचे आकडे: शंभरातल्या किती डावांत हा स्वतःहून पैसे घालतो, किती वेळा रेज करतो, म्हणजे पैज वाढवतो. चाळीसच्या वर पैसे घालणारा आणि क्वचितच रेज करणारा सापडला की त्याला हिरवा रंग द्यायचा. हिरवा म्हणजे ‘फिश’, दुबळा खेळाडू. तो जाईल त्या टेबलावर जायचं आणि तो उठला की आपणही उठायचं. ज्याला समोरचा तगडा असला की बसायचंच नसतं, त्याने कौशल्याच्या गप्पा मारू नयेत.

संभाव्यता तुला मी शिकवली, म्हणून आधी गणित तपासतो. पन्नास डाव बघून तू एखाद्यावर ४० टक्क्यांचा शिक्का मारतोस. पन्नासच्या नमुन्यात खरा आकडा २६ ते ५४ मध्ये कुठेही असू शकतो, हे बारावीतला मुलगाही काढून दाखवेल. दुसरं, तुझा नफा. दहा हजार डावांत तू शंभर डावांमागे पाच बिग ब्लाइंड, म्हणजे डावाआधीच्या सक्तीच्या मोठ्या पैजेच्या पाचपट, कमावलेस, म्हणून छाती फुगवलीस. या खेळात शंभर डावांमागचा चढउतार नव्वद बिग ब्लाइंडच्या आसपास असतो. दहा हजार डावांनंतरही सरासरीत नऊची चूक राहते. पाचाचा नफा नऊच्या चुकीत बुडून जातो, बाळा. तू जिंकतोस की नशिबाने तगून आहेस, हे तुझ्या आकड्यांवरून कोणीच सांगू शकत नाही. शिवाय पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, कंपनी आपला रेक, म्हणजे हिस्सा, कापते. म्हणजे सगळ्या जिंकलेल्यांची बेरीज ही हरलेल्यांच्या बेरजेपेक्षा नेहमीच कमी. हा हिशेब मांडायला तुला वेळ झाला नाही?

आता ज्याचा मला खरा राग आहे, ते ऐक. तू औषधाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीला आहेस. दिवसभर आकडे बघतोस, मर्यादेबाहेरचा आकडा दिसला की बॅच अडवतोस, कारण ती गोळी कुठल्या तरी आजारी माणसाच्या पोटात जाणार असते. नोंद ठेवायची, विचलन हेरायचं, कच्चं काय ते ओळखायचं, ही नजर तुला दुबळ्याच्या रक्षणासाठी मिळाली. रात्री तीच नजर तू दुबळ्याला शोधून लुबाडायला वापरतोस. त्या हिरव्या रंगामागे कोण असतं, विचार केलास? दारू पिऊन बसलेला, गेलेले पैसे परत मिळवायला पगार ओतणारा, थांबताच न येणारा माणूस. त्याला थांबता येत नाही, हीच तर तुझी कमाई!

हे नवं नाही. महाभारताच्या सभापर्वात शकुनी दुर्योधनाला काय सांगतो, आठव. युधिष्ठिराला द्यूताची आवड आहे, पण खेळता येत नाही; आणि बोलावलं तर तो नाही म्हणणार नाही. फासे पडायच्या आधी एवढी नोंद पुरेशी होती. पुढचं सगळं त्या नोंदीतून आलं.

आणि आपणच तेवढे शिकारी, या भ्रमात राहू नकोस. ‘इसिल्डुर१’ या नावाने ऑनलाइन पोकर खेळणारा स्वीडनचा व्हिक्टर ब्लोम कच्चा नव्हता. मोठमोठे खेळाडू त्याच्यापुढे हरले होते. ८ डिसेंबर २००९ रोजी ब्रायन हेस्टिंग्जने अवघ्या काही तासांत त्याच्याकडून ४० लाख डॉलरच्या वर जिंकले. मागाहून कळलं, की हेस्टिंग्जचा सहकारी ब्रायन टाउनसेंड याने ब्लोमच्या हजारो डावांच्या नोंदी नियम मोडून मिळवल्या होत्या. हा खेळ चालवणाऱ्या फुल टिल्ट कंपनीने टाउनसेंडची व्यावसायिक खेळाडूची मान्यता महिनाभर काढून घेतली. ब्लोमसारख्याची ही गत, तर तुझ्या नावाशेजारी कोणी कोणता रंग लावलाय, हे तू सांगू शकतोस? पार्टीपोकर या दुसऱ्या कंपनीने २०१९ साली तुझ्यासारख्यांच्या असल्या सॉफ्टवेअरवर बंदी घातली आणि खेळाडूंना नावं बदलायला लावली. ज्यांचं पोट या धंद्यावर, त्यांनाही ही शिकार नकोशी झाली. तुला मात्र तिचा अभिमान!

‘कायदा खेळणाऱ्याला शिक्षा करत नाही’ असं म्हणालास. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. कौशल्य की नशीब, हा भेदच त्यात ठेवला नाही. शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला, पैसे फिरवणाऱ्याला. खेळणाऱ्याला वगळलं, कारण कायद्याने त्याला पीडित मानलं. पीडितासाठी ठेवलेल्या सवलतीआड तू लपतोस, याची लाज वाटू दे. देशातल्या कंपन्यांनी पैशांचे टेबल बंद केले, तर तू परदेशी अ‍ॅपवर एजंटामार्फत चिप्स घेऊ लागलास. तो उद्या फोन बंद करून बसला तर दाद कुठे मागणार? फुल टिल्ट एवढी बडी कंपनी, पण २०११ साली तिच्याकडे खेळाडूंचे पैसे परत द्यायला शिल्लक नव्हते.

तू हरलास असं मी म्हणत नाही. तू वाया चालला आहेस, असं म्हणतो, आणि तुझ्यासारखी तल्लख मुलं मला फार मिळाली नाहीत, म्हणून ते सहन होत नाही. खोलीवरच्या दोन नव्या पोरांनाही तू हे शिकवलंस, यासाठी मात्र तुला माफी नाही. तुझं तू निस्तरशील. त्यांच्या घरी आईबाप मनिऑर्डरची वाट बघतात.

तर आता करायचं ते असं. आज रात्री ते सॉफ्टवेअर आणि सगळा डेटाबेस काढून टाक. एजंटाकडे उरलेले पैसे मिळाले तर घे, न मिळाले तर सोड. ते वसूल करायला आणखी एक डाव टाकायचा नाही. येत्या सुट्टीला त्या दोघांना समोर बसव, कागद घे आणि त्यांनी किती भरले, किती परत आले, ते त्यांच्याच हाताने लिहून घे. रेकचं गणित त्यांना समजेपर्यंत समजाव. त्यांचं नुकसान तुझ्या पगारातून हप्त्याहप्त्याने भरून दे. एवढं झालं की मला फोन कर. त्याआधी करू नकोस. मी उचलणार नाही.