खराडीच्या फ्लॅटचा हिशेब

पुणे

चि. निखिल,

खराडीच्या फ्लॅटचं माहितीपत्रक आणि तू मांडलेला हिशेब, दोन्ही पाहिलं. किंमत ८० लाख, भाडं २४ हजार, म्हणजे वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या वर सुटतात, असं तू म्हणतोस. पण तू ८० लाखांत सुटणार नाहीस आणि २४ हजार पूर्ण तुझ्या हातात पडणार नाहीत. राहायला घर घेत असतास तर मी एवढा कीस काढत बसले नसते. गुंतवणूक म्हणतोस, तर मग नीट मांडू.

पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के पडतं. मूळ ५, स्थानिक संस्थेचं १ आणि मेट्रोच्या नावाने १. झाले ५ लाख ६० हजार. करारातली रक्कम आणि रेडी रेकनरप्रमाणे निघणारी किंमत, यांतली जी जास्त तिच्यावर हे लागतं. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांवर जात नाही. इमारत अजून उभी राहायची आहे, म्हणून ५ टक्के जीएसटी, ४ लाख. एकूण ९ लाख ९० हजार. उद्या फ्लॅट विकायला काढलास तर घेणारा यातला रुपयाही वेगळा मोजणार नाही, त्याला त्याचं मुद्रांक शुल्क असतंच की! भाव साधारण साडेबारा टक्के चढेपर्यंत तुझं मुद्दलसुद्धा निघत नाही, आणि कर्जाचं व्याज मी अजून धरलेलंच नाही.

भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला तयार फ्लॅट बिल्डरकडून घेतलास तर जीएसटी नाही. बिल्डर तो भावात चढवायला बघतो हे खरं, पण भावात घासाघीस करता येते, करात येत नाही.

बायकोच्या, म्हणजे मृणालच्या एकटीच्या नावावर घ्यायचा तुझा बेत कळला. बाईच्या नावावर १ टक्का सवलत आहे, ८० हजार वाचतील. दोघांची नावं लावलीत तर मात्र सवलत नाही. आणि पैसे तुझेच असतील तर भाडं प्राप्तिकरात तुझ्याच उत्पन्नात धरलं जाईल, हे तिलाही सांगून ठेव.

आता बिल्डर. माहितीपत्रक बाजूला ठेव आणि त्याच्याकडून सहीशिक्क्याची कॉस्ट शीट माग. वरच्या मजल्याचा जादा दर, पार्किंग, क्लब हाऊस, वीजजोडणी, सोसायटी स्थापनेचा खर्च, दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स, सगळं एकेका ओळीत हवं. ‘बाकी किरकोळ खर्च’ अशी ओळ असेल तर तिथेच बोट ठेवून विचार. करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची बिल्डरला रेरा कायद्याने परवानगी नाही. ‘आजच २० टक्के भरा, भाव वाढणार आहे’ म्हणाला तर सरळ उठून ये. करार ५० लाखांच्या वरचा आहे, तेव्हा प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस कापून तूच भरायचा आहेस. तो जादा खर्च नाही, पण विसरलास तर व्याज आणि दंड तुझ्या माथी.

भाड्याचं सांगते, कारण सोसायटीची खजिनदार म्हणून मी हे रोज बघते. मेंटेनन्स चार हजार धर, वर्षाचे ४८ हजार गेले. भाडेकरू बदलला की एक महिना फ्लॅट रिकामा आणि एक महिन्याचं भाडं एजंटाला, हे आणखी ४८ हजार. वर महापालिकेचा कर, वीसेक हजार धर. स्वतः राहणाऱ्याला पुण्यात मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे, भाड्याने दिलास की ती जाते. सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते ते वेगळं. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर नेता येत नाही, तरी भाड्याने देणारे मालक माझ्याशी वाद घालतात ते नेमके त्यावरच. रंगकाम आणि नळदुरुस्ती सोडली तरी २ लाख ८८ हजारांतले पावणेदोन लाखसुद्धा उरत नाहीत. नव्वद लाखांवर हे दोन टक्केही नाहीत रे! बरं, नव्या करपद्धतीत कर्जाच्या व्याजाचा तोटा पगारातून वजा होत नाही, तोही आधार धरू नकोस.

एका खर्चात मात्र हात आखडू नकोस. जागेच्या मालकीचा तीस वर्षांचा शोध घेणारा वकील स्वतः नेम. बँकेचा वकील बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघतो, तुझं काय ते नाही. लोक वकिलाच्या फीवरून हुज्जत घालतात आणि पार्किंगचे लाख मुकाट भरतात, याचं मला कायम नवल वाटतं.

आणि कोणी ‘थोडे रोख द्या, मुद्रांक वाचेल’ म्हणालं तर त्याच्याशी व्यवहारच नको. कायद्याचं सोडच, पण विकताना खरेदीची किंमत कागदावर कमी दिसेल आणि नफा फुगून त्यावर साडेबारा टक्के कर तू भरशील.

एवढं वजा करूनही घ्यावासा वाटला तर जरूर घे, मी आड येणार नाही. नोंदणीला बंगळूरहून दोघंही या, कुलमुखत्यारपत्राच्या भानगडीत पडू नका. कॉस्ट शीट हातात आली की टोकन देण्याआधी मला पाठव. शनिवारी दुपारनंतर मी घरीच असते.

तुझी,
आत्या